दगडफुलातला तिसरा

आमच्या घरी गोडा मसाला वैशाखात व्हायचा. धणे, तीळ, सुकं खोबरं, शहाजिरं, तमालपत्र, नागकेशर असा सगळा जिन्नस आई आणि आत्या सुपांतून पसरून बसायच्या आणि आम्हा मुलांच्या वाट्याला दगडफूल निवडणं यायचं. वजनाला अगदी हलकं, वरून राखाडी, खालून काळं, कडा कातरल्यासारख्या. नुसतं नाकाशी धरलं तर मातकट वास, पण कढईत तेलाचा थेंब पडला की घर भरून टाकणारं. त्यातून काड्या, माती आणि सालीचे तुकडे वेगळे काढायचे. मी एकदा आत्याला विचारलं, "हे फूल कुठल्या झाडाला येतं गं?" ती म्हणाली, "दगडाला." "मग यात झाडाच्या साली कशा?" यावर उत्तर आलं, "गुमान निवड."

दगडफूल हे फूल नाही, हे पुढे शाळेत कळलं. विज्ञानाच्या गुरुजींनी फळ्यावर दोन वर्तुळं काढली. एक शैवाल, एक कवक. कवक घर बांधतं, पाणी धरून ठेवतं. शैवाल उन्हात अन्न शिजवतं. दोघांचं मिळून लायकेन. आपल्या परिभाषेत त्याला शैवाक म्हणतात आणि त्या शब्दाच्या रूपातच शैवाल आणि कवक दोघेही दिसतात. मला तो शब्द फार आवडला. इतका, की २००४ साली एका जिल्हा मासिकात मी दगडफुलावर लेख लिहिला आणि त्याला नाव दिलं, 'दोघांचा संसार'. लेख बऱ्यापैकी वाचला गेला. एका शिक्षकांनी तो वर्गात वाचून दाखवल्याचंही कळवलं.

तो लेख चुकीचा होता. आज जे लिहितो आहे ते त्या लेखाचं शुद्धिपत्र आहे, जरा लांबलेलं.

माझं विज्ञानाचं रीतसर शिक्षण बारावीला थांबलं. पुढे सरकारी कचेरीत कारकुनी केली आणि उरल्या वेळात वनस्पतीशास्त्राचा इतिहास वाचत राहिलो. वाचायला सुरुवात केली ती दगडफुलापासूनच. म्हणून ही चूक मला जरा जास्त लागली.

मूळ गोष्ट १८६७ ची. सिमॉन श्वेंडेनर हा स्वित्झर्लंडमधल्या बुख्स गावच्या शेतकऱ्याचा मुलगा. पुढे वनस्पतींच्या सूक्ष्मरचनेचा मोठा अभ्यासक झाला. त्या वर्षी राइनफेल्डन येथे भरलेल्या स्विस निसर्गअभ्यासकांच्या सभेत त्याने सांगितलं, की लायकेन ही एक वनस्पती नाहीच. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यात जे हिरवे गोळे दिसतात ते तिचे अवयव नसून स्वतंत्र शैवालं आहेत आणि भोवतीचे धागे कवकाचे आहेत. १८६९ मध्ये त्याने हे सविस्तर मांडलं. पण मांडताना त्याने जी उपमा वापरली ती संसाराची नव्हती. त्याच्या मते कवक हा मालक, परक्याच्या श्रमावर जगणारा. शैवालं त्याचे गुलाम. कोळी जाळ्यात भक्ष्य गुंडाळतो तसं कवक शैवालांना आपल्या धाग्यांत गुंडाळतं आणि राबवून घेतं.

गंमत अशी, की त्याच १८६७ साली सेंट पीटर्सबर्गला आंद्रेई फामिन्त्सिन आणि ओसिप बारानेत्स्की यांनी लायकेनमधले हिरवे गोळे बाहेर काढून वेगळे वाढवले. ते स्वतंत्रपणे जगले, त्यांनी पोहणारे बीजाणूही सोडले. श्वेंडेनरच्या बाजूने यापेक्षा भक्कम पुरावा कोणता? पण या दोघांनी त्याचा अर्थ उलटा लावला. हे गोळे बाहेरही जगतात, तेव्हा ज्यांना आपण आजवर स्वतंत्र शैवालं समजत होतो त्यांतली काही लायकेनचेच सुटे तुकडे असावीत, असं त्यांचं म्हणणं. पुरावा हातात असूनही कहाणी दुसरीच जुळवता येते, याचं एवढं स्वच्छ उदाहरण मला विज्ञानाच्या इतिहासात दुसरं आढळलेलं नाही.

श्वेंडेनरला खरा विरोध झाला तो लायकेनच्याच जाणकारांकडून. त्यांत पुढे होता विल्यम न्यूलांडर, पॅरिसमध्ये राहणारा फिनलंडचा अभ्यासक. तो सामान्य माणूस नव्हता. १८६६ मध्ये त्यानेच लक्षात आणून दिलं होतं, की पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेत जितक्या जातींची लायकेन आढळतात तितकी शहरात इतरत्र आढळत नाहीत, म्हणजे हवा किती शुद्ध आहे याचं ते मोजमाप ठरतं. रसायनाचा थेंब टाकून, रंग कसा बदलतो ते पाहून जाती ओळखण्याची रीतही त्याचीच; ती आजही चालते. एवढा तयारीचा माणूस १८९९ मध्ये मरेपर्यंत लायकेन एकच जीव आहे यावर अडून राहिला. स्कॉटलंडचा पाद्री-अभ्यासक जेम्स क्रॉम्बी याने तर श्वेंडेनरच्या सिद्धान्ताची थट्टाच मांडली. कवक नावाचा जुलमी धनी आणि त्याच्या कैदेतली शैवालकन्या अशी ही भडक कादंबरी आहे, अशा अर्थाचं तो लिहून गेला.

या लोकांना हट्टी म्हणून मोडीत काढायची आपली सवय आहे. मला ते पटत नाही. न्यूलांडरने आयुष्यभर लायकेनच्या जाती ठरवल्या, त्यांना नावं दिली. उद्या कोणी सांगितलं, की तुम्ही ज्याला नाव दिलंत ती वस्तूच नाही, ती दोघांची वस्ती आहे, तर ते नाव नेमकं कोणाचं? पुढे नामकरणाच्या नियमांनी हा प्रश्न कारकुनी पद्धतीने सोडवला. लायकेनला दिलेलं नाव हे त्यातल्या कवकाचं नाव मानायचं. शैवालाचं नाव वेगळं. कारकुनीत आयुष्य घालवल्यामुळे मला या तोडग्याचं कौतुक वाटतं आणि धोकाही दिसतो. फाइलवर एकाचं नाव पडलं की बाकीचे कागदावरून गायब होतात.

पुरावे मात्र साचत गेले. फ्रान्समध्ये एडवर्ड बोर्ने याने १८७३ मध्ये धागा आणि शैवाल एकमेकांना कुठे कसे चिकटतात ते अनेक जातींत दाखवलं. १८७७ मध्ये एर्न्स्ट श्टाल याने कवकाचे बीजाणू आणि शैवाल एकत्र आणून लायकेन घडवून दाखवलं. त्याच वर्षी आल्बर्ट बर्नहार्ड फ्रांक याने अशा एकत्र राहण्यासाठी एक तटस्थ शब्द हवा असं सुचवलं आणि १८७८ मध्ये कासेल येथील भाषणात आंटोन डी बारी याने 'सिंबायोसिस' हा शब्द रूढ केला. वेगवेगळ्या जातींच्या जीवांचं एकत्र जगणं, एवढाच त्याचा अर्थ. कोणाचा फायदा, कोणाचा तोटा हे त्यात गृहीत नव्हतं. परजीवी असणं हाही डी बारीच्या लेखी सिंबायोसिसचाच एक प्रकार होता. आपण मराठीत त्याला 'सहजीवन' म्हणतो. हा शब्द लग्नपत्रिकेतही शोभतो, आणि अडचण तिथेच आहे. माझ्या २००४ च्या लेखाचं शीर्षक त्या शब्दाच्याच पोटातून आलं होतं.

इथे एक खुलासा. बिआट्रिक्स पॉटर, सशांच्या गोष्टी लिहिणारी, हिने लायकेनचं दुहेरीपण शोधलं आणि पुरुषांनी ते दडपलं, असं अनेक ठिकाणी लिहिलेलं आढळतं. मीही ते एका व्याख्यानात सांगितलं आहे. तिच्यावर अन्याय झाला तो खराच. भूछत्रांच्या बीजाणूंच्या रुजण्यावरचा तिचा निबंध १८९७ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीत दुसऱ्याने वाचला, कारण स्त्रियांना सभेत मज्जाव होता. पण तोवर श्वेंडेनरचं म्हणणं मांडून तीस वर्षं झाली होती. स्वतः शिकलेल्या माणसांविषयी मला साहजिकच माया आहे. म्हणून त्यांना न केलेल्या कामाचं श्रेय द्यावं असं नाही.

लायकेनमुळे आणखी एक मोठी गोष्ट घडली, तिचा उल्लेख करून पुढे जातो. दोन परके जीव मिळून तिसरंच रूप घडतं, हे एकदा मान्य झालं की प्रश्न पडतो, असं आणखी कुठे घडलं असेल? रशियातला लायकेनचा अभ्यासक कोन्स्तांतिन मेरेझ्कोव्स्की याने १९०५ मध्ये म्हटलं, की झाडांच्या पानांतली हरितलवकं ही मुळात बाहेरून आत येऊन राहिलेले जीव आहेत. कोणी फारसं मनावर घेतलं नाही. १९६७ मध्ये लिन मार्ग्युलिस हिने, तेव्हा तिचं आडनाव सेगन होतं, पेशींच्या उत्पत्तीवरचा आपला निबंध सुमारे पंधरा नियतकालिकांनी नाकारल्यावर अखेर छापून आणला. १९७० च्या दशकात हरितलवकांच्या आरएनएचा क्रम वाचला गेला आणि त्यांचं नातं थेट नीलहरित जीवाणूंशी जुळलं. आपल्या शेतातल्या प्रत्येक हिरव्या पानात ही जुनी वस्ती आहे. पण ज्या लायकेनवरून ही कल्पना निघाली, त्या लायकेनबद्दल मात्र सगळं ठरून गेलं होतं. एक कवक, एक शैवाल. क्वचित शैवालाच्या जागी नीलहरित जीवाणू, नाहीतर दोन्ही. पुस्तकात वर्तुळं दोनच.

आता गोष्ट अमेरिकेच्या मोंटाना राज्यात जाते. तिथल्या आणि शेजारच्या ब्रिटिश कोलंबियाच्या जंगलांत देवदार जातीच्या झाडांवरून घोड्याच्या शेपटीसारखी लायकेन लोंबतात. त्यांतलं एक काळपट तपकिरी, ब्रायोरिया फ्रेमाँटाय. तिथले मूळ रहिवासी ते खातात. जमिनीत खड्डा करून, तापलेल्या दगडांवर रात्रभर शिजवून. सेक्वेपेम्क लोक त्याला 'वीला' म्हणतात. कोयोटीचे केस फांदीत अडकले आणि त्यांचं हे लायकेन झालं, अशी कथा त्या मुलखात सांगतात. दुसरं ब्रायोरिया टॉर्टुओसा; दिसायला जवळजवळ तसंच, पण पिवळसर झाक. त्यात व्हल्पिनिक आम्ल भरपूर असतं, म्हणून ते विषारी. याच आम्लाच्या दुसऱ्या एका पिवळ्या लायकेनने उत्तर युरोपात लांडगे-कोल्हे मारत असत. वीला गोळा करणारे झाड निवडून, चव घेऊन, मगच उतरवत.

दोन्ही जाती वेगळ्या आहेत यात अभ्यासकांना शंका नव्हती. पण २००९ मध्ये फिनलंड आणि कॅनडातल्या अभ्यासकांनी त्यांच्या डीएनएतले काही ठरावीक भाग ताडून पाहिले, तर कवक दोघांतही तेच. शैवालातही फरक सापडत नव्हता. तेच कवक, तेच शैवाल, मग एक अन्न आणि एक विष, हे कसं?

हा प्रश्न ज्याने हातात घेतला तो टोबी स्प्रिबिल. मोंटानातच वाढलेला. घरच्या कडव्या धार्मिक वातावरणात, शाळेत न जाता शिकलेला. वनखात्यात काम करता करता लायकेनच्या नादी लागला. शिकायचं होतं, पण शाळेचा दाखलाच नाही. अखेर तो जर्मनीला गेला. ग्योटिंगेन विद्यापीठाने त्याला घेतलं आणि पुढे ऑस्ट्रियात ग्राझ येथे त्याची डॉक्टरेट झाली. हे मी मुद्दाम सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी पुण्याबाहेरच्या एका संस्थेच्या ग्रंथालयात जुने अंक पाहायला गेलो, तेव्हा खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, "कोणत्या कॉलेजकडून?" कोणत्याच नाही म्हटल्यावर त्यांनी रजिस्टर मिटलं. दोष त्यांचा नव्हता. त्या रजिस्टरात तो रकानाच भरल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं.

२०११ मध्ये स्प्रिबिल मोंटानाला परतला, जॉन मॅककचन यांच्या प्रयोगशाळेत. मॅककचन काम करत होते ते झाडांचा रस शोषणाऱ्या कीटकांच्या अंगात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या जीवाणूंवर. जनुकसंच, म्हणजे जीनोम, पूर्ण वाचून सहजीवनाचा इतिहास काढायची त्यांची पद्धत. ती आता लायकेनला लावायची होती.

ही पद्धत मला कितीही वाचून समजत नव्हती. समजावलं ते माझ्या भाचीने. ती बेंगळुरूला पीएचडी करते. वाळवीच्या पोटात राहून लाकूड पचवणाऱ्या सूक्ष्मजीवांचे जीनोम वाचणं हे तिचं काम. गेल्या दिवाळीत ती आली होती आणि मी माळ्यावरचे जुने दिवाळी अंक रद्दीत घालायला काढले होते. ती म्हणाली, "मामा, समज हे सगळे अंक तू मशीनमध्ये घालून त्यांच्या बारीक चिंध्या केल्यास. प्रत्येक चिंधीवर चार-पाच शब्द. सगळं एका पोत्यात. आता यात किती अंक होते आणि कोणकोणते, ते ओळख."

"अशक्य."

"अशक्य नाही. प्रत्येक अंकाच्या अनेक प्रती आहेत ना? त्यामुळे चिंध्या वेगवेगळ्या जागी फाटल्यात. एका चिंधीचं शेपूट दुसरीच्या डोक्याशी जुळतं. जुळवत गेलास की ओळी होतात, ओळींची पानं. मग टाइप कोणता, कागद कोणता, त्यावरून कुठलं पान कुठल्या अंकाचं ते कळतं. आणि एका अंकाच्या चिंध्या जास्त निघाल्या, तर त्याच्या प्रतीही जास्त होत्या."

"आणि एखादा अंक मला माहीतच नसेल तर?"

"तिथेच तर चूक होते, मामा. तू फक्त ओळखीच्या दोन अंकांच्या चिंध्या वेचल्यास आणि बाकीचा कचरा म्हणून फेकलास, तर पोत्यात दोनच अंक होते असं तू शपथेवर सांगशील."

स्प्रिबिलच्या बाबतीत नेमकं हेच घडलं होतं. त्याने दोन्ही ब्रायोरियांतला आरएनए वाचला. जनुकं असणं वेगळं आणि ती कामाला लागलेली असणं वेगळं. आरएनएवरून कोणती जनुकं कामावर आहेत ते कळतं. कवकाची आणि शैवालाची जनुकं वेचून त्याने तुलना केली. विष का तयार होतं याचं उत्तर निघेना. तेव्हा त्याने चाळणी मोठी केली. केवळ त्या एका कवकाचीच नव्हे, तर कोणत्याही कवकाची म्हणून जी चिंधी असेल ती घ्यायची. आणि पोत्यातून तिसरा अंक निघाला.

लायकेनमधलं नेहमीचं कवक असतं ते बहुधा धानीकवकांच्या गटातलं. हे नवं निघालं ते गदाकवक, म्हणजे आपली अळिंबी ज्या मोठ्या गटात येते त्यातलं. पण अळिंबीसारखं नव्हे, तर एकेका पेशीने राहणारं यीस्ट. विषारी ब्रायोरियात त्याच्या खुणा भरपूर, खाण्याच्या ब्रायोरियात कमी. ही बाहेरून पडलेली घाण असेल, अशी शंका पहिल्यांदा स्वतः संशोधकांनाच आली. मग इतर लायकेन तपासली. निरनिराळ्या लायकेनांत याच यीस्टचे निरनिराळे भाऊबंद निघाले, आणि एका जातीच्या लायकेनमध्ये ठरावीकच, मग ते कितीही दूरच्या मुलखातलं असो. सहा खंडांतून त्यांची नोंद झाली. योगायोगाने पडलेली धूळ इतकी निवडक नसते.

तरी दाखवा म्हटल्यावर दाखवता यायला हवं. दीडशे वर्षं जगातल्या उत्तमोत्तम सूक्ष्मदर्शकांखाली ज्याच्या चकत्या पाहिल्या गेल्या, त्यात हे यीस्ट कोणाला कसं दिसलं नाही? ते शोधण्याच्या कामात स्वीडनमधल्या उप्सालाची वेरा टुओविनेन होती. ती तेव्हा डॉक्टरेटची विद्यार्थिनी होती. यीस्टच्या आरएनएलाच चिकटेल असा चमकणारा रंग तयार करून तो लायकेनच्या चकतीत सोडायचा, म्हणजे फक्त त्याच पेशी उजळतात. दिसल्या त्या लायकेनच्या वरच्या सालीत, डिंकासारख्या दाट थरात रुतलेल्या. ही साल सगळ्यांनी पाहिली होती. तिच्यात कोणी राहत असेल असं कोणाच्या मनात आलं नव्हतं. जुलै २०१६ मध्ये 'सायन्स'मध्ये हा निबंध आला. पहिलं नाव स्प्रिबिलचं, दुसरं टुओविनेनचं, शेवटचं मॅककचन यांचं.

यानंतर एका जुन्या कोड्याकडेही लोक नव्याने पाहू लागले. श्टालपासून अनेकांनी प्रयोगशाळेत कवक आणि शैवाल एकत्र ठेवून लायकेन घडवायचा प्रयत्न केला. काहींना यश आलं, पण बहुतेक वेळा रानात दिसतं तसं पुरतं बांधलेलं, साल धरलेलं लायकेन होत नसे. मंडळी म्हणत, हवा-पाणी जमलं नसेल. आता असं विचारता येऊ लागलं, की बोलावलेल्या यादीत कोणी राहून तर गेलं नव्हतं?

पण इथेच थांबलो तर माझा हा लेखही वीस वर्षांनी शुद्धिपत्र मागेल. २०१९ मध्ये जेम्स लेंडेमर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या अ‍ॅपलेशियन डोंगरांतली ३३९ जातींची, ५७ कुळांतली लायकेन जीनोमच्या पद्धतीने तपासली. ते यीस्ट सापडलं फक्त ९ जातींत. म्हणजे 'लायकेन म्हणजे तिघांची वस्ती' असं सरसकट म्हणण्याला आधार नाही, असा त्यांचा निष्कर्ष. त्याच वर्षी टुओविनेन आणि सहकाऱ्यांनी लांडगे मारायच्या त्या पिवळ्या लायकेनच्या गोतात, लेथारियात, आणखी एक गदाकवक दाखवलं. ट्रेमेला हे त्याचं नाव. लायकेनवर गाठी आणणारा उपद्रवी म्हणून ते पूर्वीपासून ठाऊक होतं. आता गाठी नसलेल्या, निरोगी दिसणाऱ्या लायकेनच्या सालीतही ते बसलेलं निघालं. याला भाडेकरू म्हणायचं, पाहुणा म्हणायचं, की घुसखोर?

माझं मत विचाराल तर लेंडेमरची हरकत योग्य होती आणि तिने काम पुढेच नेलं. 'सापडलं नाही' आणि 'नाही' यांत फरक असतो, हे खरं. चिंध्या कमी वाचल्या तर कमी प्रतींचा अंक हाती लागत नाही. पण 'सगळीकडे आहे' म्हणणाऱ्यानेच ते सिद्ध करायचं असतं.

त्यापुढचं काम कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात झालं, जिथे स्प्रिबिल आता शिकवत होता. गुलनारा तागिरजानोवा ही त्याची डॉक्टरेटची विद्यार्थिनी. तिने पहिल्यांदा एका झुपकेदार लायकेनमधल्या अशा न वाढवता येणाऱ्या गदाकवकांचे जीनोम चिंध्यांतून जुळवले आणि ती काय काम करत असावीत याचा अंदाज जनुकांवरून बांधला. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निबंधात दिसतं, की ज्या डिंकाच्या थरात ती राहतात तसले पदार्थ बनवण्याची सामग्री त्यांच्या जीनोममध्ये आहे. म्हणजे साल बांधण्यात त्यांचा हात असू शकतो. 'असू शकतो' एवढंच ती लिहिते. मला हा संयम शिकण्यासारखा वाटला. 'दोघांचा संसार' लिहिताना माझ्यात तो नव्हता.

मग तिने आणखी मोठा घाट घातला. जगभरच्या संशोधकांनी निरनिराळ्या कारणांनी वाचून ठेवलेली लायकेनची चिंध्यांची पोती सार्वजनिक भांडारात पडून होती. ज्याने त्याने आपल्याला हवा तो कवक वेचून घेतला होता आणि बाकीचं तसंच. सहा खंडांतली अशी ४३७ पोती तिने आणि सहकाऱ्यांनी पुन्हा पालथी घातली. निबंध २०२४ मध्ये छापून आला. जे वर आलं ते यीस्टपेक्षाही अनपेक्षित होतं. जीवाणूंची चार घराणी बहुसंख्य लायकेनांत सापडली, आणि त्यांचं सापडण्याचं प्रमाण शैवालांच्या बरोबरीचं. त्यांतली एक प्रजाती, लिकेनिहॅबिटान्स, सुमारे एक तृतीयांश नमुन्यांत. हे जीवाणू हवेतला नायट्रोजन पकडून लायकेनला पुरवत असतील असा जुना तर्क होता. जीनोममध्ये त्यासाठीची जनुकंच नव्हती. मग ते तिथे करतात काय, हे अजून तपासलं जातं आहे.

ही आकडेवारी वाचत होतो तेव्हा भाची फोनवर होती. मी म्हणालो, "म्हणजे हे एकत्र कुटुंबच झालं की." ती हसली. "मामा, आधी संसार म्हणालास, आता कुटुंब. ते नुसते एकत्र राहतात, एवढं लिही ना." डी बारीने १८७८ मध्ये हेच सांगितलं होतं.

आपल्याकडचं बोलायचं तर भारतातल्या लायकेनचा पाया घातला लखनौच्या धरणीधर अवस्थी यांनी. मोठ्या पानांच्या लायकेनची ओळखसूची त्यांनी १९८८ मध्ये, खरपुडीसारख्या चिकटून वाढणाऱ्यांची १९९१ मध्ये काढली. आणि महाराष्ट्रात हे काम उभं राहिलं ते पुण्यात, महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत. १९४६ ची ही संस्था आज आघारकर संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते. तिथे पां. गो. पटवर्धन आणि त्यांच्यानंतर ऊर्मिला मखिजा यांनी सह्याद्रीतली लायकेन वर्षानुवर्षं गोळा केली, शेकडो जाती नोंदवल्या, कित्येक नव्याने वर्णन केल्या. अजरेकरांच्या नावाच्या तिथल्या संग्रहात ते नमुने पाकिटांत जपलेले आहेत. मखिजा आणि बी. सी. बेहेरा यांनी उस्निया घाटेन्सिस ही दाढीसारखी लोंबणारी जात, जिच्या नावातच आपला घाट आहे, प्रयोगशाळेत वाढवून तिच्यातल्या द्रव्यांचे गुण तपासले. या मंडळींच्या काळात चिंध्या वाचायचं यंत्र नव्हतं. पण कुठली जात कुठल्या घाटात, कुठल्या खोडावर हे ज्यांनी लिहून ठेवलं, त्यांच्याशिवाय यंत्राला विचारणार तरी काय?

वाण्याच्या दुकानातलं दगडफूल ही तर आणखीच वेगळी गोष्ट. आपण एका नावाने घेतो, पण पुडीत पार्मोट्रेमा, एव्हर्निअ‍ॅस्ट्रम अशा अनेक गोतांची सरमिसळ असते. बराचसा माल हिमालयाच्या उतारांवरून, विशेषतः उत्तराखंडातून येतो. काही दक्षिणेच्या डोंगरांतून. तो दगडावरून कमी आणि झाडांवरून जास्त खरवडलेला असतो. आत्याने न दिलेलं उत्तर हे होतं. सालीचे तुकडे खरं बोलत होते.

यंदा श्रावणात आमच्या तालुक्याच्या वाचनालयात गेलो आणि त्या जिल्हा मासिकाचा २००४ चा बांधीव खंड मागितला. 'दोघांचा संसार' उघडून खिशातलं पेन काढलं, तर ग्रंथपाल उठून आले. बांधीव खंडावर काही लिहायचं नाही, असा नियम. मी म्हटलं, लेख माझाच आहे, चूक झाली आहे. त्यांनी लेखकाचं नाव पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, टेबलाच्या खणातून पेन्सिल काढून दिली आणि म्हणाले, "समासात लिहा. हलक्या हाताने." शीर्षकाच्या बाजूला मी लिहिलं, 'किमान', आणि तारीख घातली.